कंबुज देशाचें अभिजात नृत्य

ग्रंथ जळाला तरी त्याची दुसरी प्रत कोठें तरी सांपडेल अशी आशा असते. मूर्ति भंगली तरी तिच्या तुकड्यांवरून मूळचें रूप ताडतां येतें. परंतु जी विद्या कागदावर पुरतेपणीं कधींच उतरलेली नाहीं, जी गुरूच्या देहांतून शिष्याच्या देहांत जाते व तेथेंच वास करते, ती जाणणारीं माणसेंच नाहींशीं झालीं तर तिचें काय व्हावें? हा प्रश्न कंबोडिया देशापुढें १९७९ सालीं प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील अभिजात नृत्याची परंपरा कोणती, ती कशी तुटत आली आणि कशी सांधली गेली, ही हकीकत भारतीय रसिकांनीं मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. कारण गायन, वादन व नर्तन या विद्या गुरुमुखानेंच शिकावयाच्या असतात, ही गोष्ट आपल्याकडे कोणास पटवून द्यावी लागत नाहीं.

थायलंड, लाओस व व्हिएतनाम या तीन देशांच्या शेजारीं वसलेला कंबोडिया हा ख्मेर लोकांचा देश. जुन्या शिलालेखांत त्याचें नांव कंबुज असें येतें. आज तेथील बहुतेक प्रजा बौद्ध धर्माची आहे; परंतु पूर्वीं अनेक शतकें तेथें शिव व विष्णु यांची उपासना चालत असे व राजांचीं नांवें संस्कृत असत. इ. स. ८०२ मध्यें दुसऱ्या जयवर्म्यानें स्वतःस चक्रवर्ती म्हणवून घेतलें, तेव्हांपासून अंगकोरच्या साम्राज्याचा काळ मोजण्याची रीत आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दुसऱ्या सूर्यवर्म्यानें अंगकोर वाट हें विष्णूचें विशाल मंदिर उभारलें. त्याच्या एका भिंतीवर समुद्रमंथनाचा देखावा दीडशें फुटांहून अधिक लांब कोरलेला असून, घुसळल्या जाणाऱ्या सागराच्या वर अप्सरा तरंगत आहेत. या मंदिराच्या भिंतींवर उभ्या असलेल्या देवतांच्या स्त्रीमूर्तींची संख्या सतराशेंहून अधिक भरते. कोणाचा केशकलाप निराळा, कोणाचे अलंकार निराळे. जणूं प्रत्येकीस स्वतंत्र व्यक्तित्व द्यावयाचें, असा शिल्पकारांचा निश्चय असावा.

या पाषाणांतील अप्सरांच्या मागें जिवंत नर्तकी होत्या. सातव्या शतकापासूनच्या शिलालेखांत देवळांना अर्पण केलेल्या नर्तक-नर्तकींचे व गायक-वादकांचे उल्लेख येतात. सर्वांत बोलका पुरावा आहे तो ता प्रोम येथील मंदिराचा. सातव्या जयवर्म्यानें ११८६ सालीं आपल्या मातेच्या स्मरणार्थ बांधलेल्या या बौद्ध मंदिरांतील संस्कृत शिलालेखांत मंदिराचा सारा संसार आंकड्यांनिशीं मांडला आहे. तांदूळ किती, वस्त्रें किती, दिव्यांसाठीं मेण किती, असा हिशेब देतांना तेथें ६१५ नर्तकी होत्या असें तो लेख सांगतो. ज्या काळीं एका मंदिराच्या पदरीं सहाशेंवर नर्तकी असत, त्या काळीं नृत्य ही केवळ करमणूक नव्हती, हें उघड आहे. तें देवतेस अर्पण करावयाचें होतें; नैवेद्य व दीप यांच्या जोडीचाच तो एक उपचार होता. पाऊस पडावा, पीक यावें, राज्यांत स्वास्थ्य नांदावें, अशी प्रार्थना राजाच्या वतीनें नर्तकींनीं आपल्या अंगविक्षेपांतून देवांपुढें मांडावी, ही कल्पना ख्मेर लोकांच्या मनांत खोल रुजलेली आहे, व त्या अर्थाचीं नृत्यें अगदीं अलीकडेपर्यंत राजवाड्यांत होत असत.

पंधराव्या शतकांत सयामच्या आयुध्या राज्याच्या स्वाऱ्यांपुढें अंगकोरची सत्ता मावळली. विजेत्यांनीं पंडित व कारागीर यांच्याबरोबर नर्तकीहि नेल्या, अशी परंपरागत समजूत आहे. पुढें दोन्ही दरबारांमध्यें कलांची देवघेव कित्येक शतकें चालली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आंग दुओंग या राजानें कंबोडियाच्या दरबारी नृत्याची घडी नव्यानें बसविली. या राजाच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें बँकॉक येथें गेलीं होतीं. त्यामुळें आजच्या नर्तकीचा उंच शिखरासारखा मुकुट व जरीचा भरगच्च पोशाख सयामी दरबाराशीं जवळचें नातें सांगतो, आणि अंगकोरच्या भिंतींवरील अल्पवस्त्रा अप्सरेशीं त्याचें साम्य कमीच दिसतें. परंपरा म्हणजे हजार वर्षें जशीच्या तशी राहिलेली वस्तु, असा समज करून घेणें बरोबर नाहीं. ती मध्येंच क्षीण होते, शेजाऱ्याकडून परत घेतली जाते, नव्यानें रचली जाते. आणि तरीहि ती त्या लोकांस आपलीच वाटते. कंबोडियाच्या नृत्याचा हा स्वभाव ध्यानांत ठेवला, तर पुढची हकीकत नीट उलगडेल.

आतां हें नृत्य असतें तरी कसें? त्यांत मुख्य भूमिका चार प्रकारच्या. स्त्रीपात्र म्हणजे ‘नेआंग’. पुरुषपात्र, म्हणजे राजपुत्र किंवा देव, तो ‘नेआय रोंग’. राक्षसाचें पात्र तें ‘येअक’. आणि वानराचें पात्र ‘स्वा’. येअक हा शब्द आपल्या ‘यक्ष’ शब्दाचेंच रूप होय. पूर्वीं या साऱ्या भूमिका स्त्रियाच करीत. वानराची भूमिका पुरुषांकडे गेली ती विसाव्या शतकांत. मुलगी सहा-सात किंवा आठ-नऊ वर्षांची असतांना शिक्षणास आरंभ होतो. तिची चण व चेहरेपट्टी पाहून गुरु तिची भूमिका ठरवितात आणि बहुधा जन्मभर ती त्याच भूमिकेंत तयार होत जाते. राजपुत्राची भूमिका करणारीस राक्षसाचे पदन्यास पाहून ठाऊक असले, तरी तिच्या अंगीं ते मुरलेले नसतात. ही गोष्ट वरवर साधी दिसते. पण पुढें तीच फार महत्त्वाची ठरली.

शिक्षणाचा पहिला भाग देह लवचीक करण्याचा. बोटें मागें वळवून मनगटाकडे झुकविण्याचा सराव रोज करावा लागतो. कोपर उलट्या बाजूस वांकेल इतकें सैल करावें लागतें. पाठीस कमान, गुडघे किंचित् वांकलेले, पायांचीं बोटें वर उचललेलीं, आणि ओठांवर मिटलेलें मंद स्मित, ही मूळची बैठक. एक पाऊल मागच्या बाजूस उचलून तळवा आकाशाकडे केला, म्हणजे पात्र हवेंतून उडत आहे असें समजावयाचें. गुरु समोर बसून केवळ तोंडानें सांगत नाहीं. शिष्येच्या पाठीमागें उभी राहून तिचे खांदे दाबते, कोपर वळविते, आपल्या गुडघ्यानें तिचा गुडघा ढकलते. शिष्येच्या हाताचा आकार अशा रीतीनें गुरूच्या हातांतूनच घडत असतो. विद्या देहांतून देहांत जाते असें जें आरंभीं म्हटलें, तें येथें अक्षरशः खरें आहे.

हाताच्या मुद्रांना ख्मेर भाषेंत ‘क्बाच’ म्हणतात. मूळच्या मुद्रा थोड्याच आहेत, व त्यांचा क्रम वृक्षाच्या आयुष्याप्रमाणें सांगितला जातो. एक बोट उभें केलें कीं तें झाड. मग पान, मग फूल, मग फळ. फळ गळून पडतें आणि त्याच्या बीजांतून पुन्हां झाड उगवतें. या मुद्रांच्या जोडणींतून, त्यांच्या जागा व दिशा बदलून, लज्जा, विरह, क्रोध, आमंत्रण, नकार असे शेंकडों अर्थ व्यक्त होतात. नर्तकी स्वतः बोलत नाहीं. बाजूस बसलेल्या गायिका कथा गातात, आणि नर्तकी ती देहानें सांगते. साथीस ‘पिनपीत’ नांवाचा वाद्यमेळ असतो. या नांवांतील ‘पिन’ म्हणजे वीणा व ‘पीत’ म्हणजे वाद्य, अशी त्याची व्युत्पत्ति देतात. मात्र आजच्या मेळांत वीणा उरलेली नाहीं. लांकडी पट्ट्यांचें रोनीअत, वर्तुळांत मांडलेल्या लहान घंटांचें कोंग, सनईच्या जातीचें स्रालाय, मोठे नगारे, ताल धरणाऱ्या लहान झांजा, आणि सर्वांस चालविणारा साम्फो हा दोन तोंडांचा मृदंग, अशी त्याची रचना असते. साम्फोचें स्थान इतकें मानाचें, कीं वाजविण्यापूर्वीं त्यास वंदन केलें जातें.

पोशाख हा या नृत्याचा एक स्वतंत्र सोहळाच होय. टिकल्या व जर यांनीं मढविलेलें वस्त्र प्रयोगापूर्वीं नर्तकीच्या अंगावरच सुईदोऱ्यानें शिवून घट्ट बसवितात. तिला नटविण्यास कांहीं तास लागतात. राक्षस व वानर यांचे मुखवटे असतात. देव व राजे यांना सोनेरी मुकुट असतो व त्यास ‘मोकोट’ असें म्हणतात. हा शब्द मराठी वाचकांस समजावून सांगावयास नको.

कथा कोणत्या? पुष्कळशा ‘रामकेर’ या ख्मेर रामायणांतल्या. रामकेर म्हणजे रामकीर्ति. त्यांत राम, लक्ष्मण, सीता व हनुमान हीं सारीं पात्रें आहेत. परंतु कंबुज देशाच्या कल्पकतेनें तींत पुष्कळ भर घातली आहे. सेतु बांधीत असतां दगड रात्रींतून नाहींसे होऊं लागतात; हनुमान समुद्रांत बुडी मारून पाहतो, तों रावणाची कन्या सुवर्णमत्स्या आपल्या माशांच्या सेनेकडून ते दगड हलवीत असते. युद्धाचें रूपांतर प्रेमांत होतें, आणि त्या दोघांस एक पुत्र होतो. मारुतीचा पुत्र मकरध्वज याची कथा लहानपणीं ऐकलेल्या मराठी श्रोत्यास या मत्स्यकन्येची ओळख सहज पटेल. दुसरें विख्यात नृत्य मोनी मेखला हिचें. मेखला ही सागराची देवता. एका ऋषीनें आपल्या तीन शिष्यांस भांडें भरून दंवबिंदु आणावयास सांगितले. तिनें गवतावर रात्रभर आपलें वस्त्र पसरून ठेवलें व सकाळीं तें पिळून सर्वांच्या आधीं भांडें भरलें. बक्षीस म्हणून तिला तेजस्वी मणि मिळाला. रेआम एय्सो या राक्षसास परशु मिळाला. मणि हिरावून घेण्यासाठीं तो तिच्या पाठीस लागतो. ती मणि उंच उडविते, ती वीज. तो परशु भिरकावतो, तो मेघांचा गडगडाट. आणि मग पाऊस येतो. राम हें नांव व हातांत परशु, यांवरून कांहीं अभ्यासक या राक्षसाचा संबंध आपल्या परशुरामाशीं जोडतात. दुष्काळांत पावसासाठीं याच नृत्याचा प्रयोग करीत.

गुरूविषयींचा आदर या विद्येच्या मुळाशीं आहे. ‘गुरु’ या शब्दाचें ख्मेर रूप ‘क्रू’. गुरुवंदनेचा विधि गुरुवारीं होतो, आणि ख्मेर भाषेंत त्या वाराचें नांव बृहस्पतीवरूनच पडलेलें आहे. मुखवटे व मुकुट मांडून त्यांस फळें, फुलें व धूप अर्पण करावयाचा, हयात व दिवंगत गुरूंचें स्मरण करावयाचें, आणि मगच पाऊल उचलावयाचें, असा परिपाठ आहे.

फ्रेंच अमदानींत या नृत्याची कीर्ति युरोपांत पोंचली. १९०६ सालीं राजा सिसोवाथ आपल्या नर्तकींसह फ्रान्सला गेला. पॅरिस येथें त्यांचा प्रयोग पाहून विख्यात शिल्पकार रोदँ इतका मोहून गेला, कीं पांसष्टाव्या वर्षीं त्यांच्या मागोमाग मार्सेयपर्यंत जाऊन त्यानें त्यांचीं सुमारें १५० चित्रें काढलीं. तथापि राजवाड्याचें वैभव ओसरत होतें. जॉर्ज ग्रोस्लिए या फ्रेंच संशोधकानें १९१३ मध्यें कंबोडियाच्या नर्तकींवर ग्रंथ लिहिला. ही कला लयास जाईल कीं काय, ही चिंता तेव्हांपासून वारंवार बोलून दाखविली गेली आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या नृत्यास नवें चैतन्य दिलें तें राणी कोस्सामाक यांनीं. राजे नोरोदोम सिहानूक यांच्या त्या मातोश्री. पूर्वीं रात्रभर चालणारे प्रयोग त्यांनीं आटोपशीर केले, वानराच्या भूमिकेंत पुरुष आणले, आणि अंगकोर वाटच्या शिल्पांवरून ‘अप्सरा नृत्य’ ही नवी रचना बसविली. आज ज्या नृत्याचें चित्र कंबोडियाच्या नांवाबरोबर डोळ्यांपुढें उभें राहतें, तें अप्सरा नृत्य असें शंभर वर्षांच्या आंतलें आहे. त्यांतील पहिली प्रमुख अप्सरा म्हणजे राणीची नात, राजकन्या बोप्फा देवी. १९४३ सालीं जन्मलेल्या या राजकन्येनें देशोदेशीं प्रयोग केले. १९५३ मध्यें स्वतंत्र झालेल्या राष्ट्राची ओळख जगास करून देणारी ती जणूं वकीलच होती. १९६५ सालीं नाम पेन्ह येथें ललितकलांचें राजकीय विद्यापीठ स्थापन झालें, व राजवाड्याच्या भिंतीबाहेरहि या विद्येचें शिक्षण पद्धतशीर सुरू झालें.

पुढें काळ फिरला. १९७० च्या मार्चमध्यें सिहानूक यांना पदच्युत करण्यांत आलें व देश यादवी युद्धांत सांपडला. १७ एप्रिल १९७५ रोजीं ख्मेर रूज या साम्यवादी सैन्यानें राजधानी नाम पेन्ह घेतली. कांहीं दिवसांत सारें शहर रिकामें करण्यांत आलें. दवाखान्यांतील रुग्णांससुद्धां रस्त्यावर काढलें. नाणें, बाजार, शाळा, धर्म व कुटुंबाचा स्वयंपाक हें सर्व बंद झालें. माणसांना शेतावर पाठवून पहांटेपासून रात्रींपर्यंत राबविण्यांत आलें. भूक, रोग, अतिश्रम व हत्या यांनीं पावणेचार वर्षांच्या आंत सुमारें सतरा लाख माणसें मेलीं. देशाच्या लोकसंख्येचा हा पांचव्या हिश्श्याहूनहि मोठा भाग होता.

राजवाड्याशीं संबंध असणें हाच ज्या राजवटींत अपराध, तेथें राजनर्तकीची गति काय झाली असेल, तें सांगावयास नको. पुष्कळजणींनीं आपण भाजी विकत होतों, शेती करीत होतों, असें सांगून आपली विद्या लपविली. वर्षानुवर्षें मागें वळविलेलीं बोटें व सैल कोपर हींच ओळख पटविणारीं लक्षणें; म्हणून बसतां-उठतांना, भात लावतांना हात सामान्य माणसासारखा वागविणें, हेंहि त्यांना जपावें लागलें. हजार वर्षें जें देवांपुढें मांडलें गेलें, तें अंगांत कोंडून ठेवण्याची पाळी आली. दहा कलावंतांपैकीं नऊ त्या वर्षांत नाहींसे झाले, असें तेथील लोक सांगतात. १९९३ सालीं या विषयावर निघालेल्या एका ऑस्ट्रेलियन बोलपटाचें नांवहि याच अर्थानें ‘दहावी नर्तकी’ असें ठेवलेलें आहे.

७ जानेवारी १९७९ रोजीं व्हिएतनामच्या सैन्यानें ती राजवट उलथून टाकली. वांचलेलीं माणसें चालत चालत राजधानीकडे परतूं लागलीं. कोण जिवंत आहे, कोणास काय आठवतें, याचा शोध सुरू झाला. या शोधांत पुढें आलेलें सर्वांत मोठें नांव चेआ सामी यांचें. त्या लहानपणींच राजवाड्यांत शिकावयास गेल्या होत्या आणि साठीच्या घरांत असतां या विनाशांतून वांचल्या. त्यांच्या आयुष्यांतील एक गोष्ट विलक्षण आहे. त्यांच्या पतीचा धाकटा भाऊ लहानपणीं नाम पेन्ह येथें त्यांच्याच घरीं राहून शाळेंत जात असे. सालोथ सार हें त्याचें नांव. ख्मेर रूजांचा जो सर्वाधिकारी पोल पोट या नांवानें जगास ठाऊक झाला, तो हाच, हें या कुटुंबास त्याच्या राजवटीच्या अखेरीस त्याची तसबीर पाहून कळलें. ज्यानें ही विद्या मातींत घातली, त्याच्याच भावजयीनें ती पुन्हां वर काढली. १९९४ मध्यें निधन होईपर्यंत त्या शिकवीत राहिल्या.

१९८१ च्या सुमारास ललितकलांची शाळा पुन्हां उघडली. पहिल्या विद्यार्थ्यांत अनाथ मुलें पुष्कळ होतीं. पोशाख नव्हते, वाद्यें अपुरीं होतीं, पुस्तकें नष्ट झालीं होतीं. गुरूंची अडचण तर याहून मोठी. एकेका नर्तकीस एकेका भूमिकेचेंच सांगोपांग शिक्षण मिळालेलें, हें वर आलेंच आहे. मग एखाद्या नृत्यांतील राजकन्या आठवणारी वांचली आणि राक्षस आठवणारी वांचली नाहीं, तर युद्धाचा अर्धाच भाग हातीं राहावयाचा. यावर उपाय एकच होता: सर्वांनीं एकत्र बसून आठवावें. कोणास गाण्याचे शब्द आठवत, कोणास ताल, कोणास हाताची एखादी फिरत. गाणें लागलें कीं त्याच्या मागून देहास पुढची हालचाल सुचे. सोथ साम ओन यांनीं राक्षसाची भूमिका जपली होती. प्रोअंग छिएंग हे वानराच्या भूमिकेंत मुरलेले. एम थेय यांच्या कंठांत राजवाड्यांतील गाणीं होतीं. १९३० नंतरच्या दशकांत जन्मलेल्या या बाईंचें निधन २०२१ मध्यें झालें, तोंपर्यंत त्या तरुण पिढीस तीं गाणीं देत राहिल्या. तुकड्यातुकड्यांनीं नृत्यें पुन्हां उभीं राहिलीं. जीं कोणासच पुरतीं आठवलीं नाहींत, तीं मात्र कायमचीं गेलीं.

हेंच काम देशाबाहेरहि चाललें होतें. थायलंडच्या सरहद्दीवरील निर्वासितांच्या छावण्यांत ताडपत्रीच्या छपराखालीं मुलींना मुद्रा शिकविल्या जात. राजकन्या बोप्फा देवी यांनींहि १९८० नंतरच्या दशकांत सरहद्दीवर शिष्या तयार केल्या. अमेरिकेंत गेलेल्या निर्वासितांनीं लोवेल व लाँग बीच यांसारख्या शहरांत आपल्या मुलींसाठीं वर्ग काढले. अन्नवस्त्राची ददात असतां लोकांनीं नृत्याकडे लक्ष द्यावें, याचें कोणास नवल वाटेल. पण ज्यांचें घर, गांव व आप्त हें सर्व गेलें, त्यांना आपण ख्मेर आहों याची खूण मुलांच्या अंगावर उमटलेली पाहावयाची होती. ती खूण त्यांना या नृत्यांत दिसली.

बोप्फा देवी १९९१ मध्यें मायदेशीं परतल्या व पुढें कांहीं वर्षें सांस्कृतिक मंत्रीहि झाल्या. युनेस्कोनें २००३ सालीं या नृत्यास मानवजातीच्या अमूर्त वारशांतील श्रेष्ठ कृति म्हणून गौरविलें आणि २००८ मध्यें तें वारशाच्या यादींत समाविष्ट झालें. २०१९ सालीं राजकन्येचें निधन झालें, तेव्हां तिच्या हाताखालीं तयार झालेल्या नर्तकी स्वतः गुरु झालेल्या होत्या. पुनरुज्जीवनानंतरच्या पहिल्या तुकडींत शिकलेल्या सोफिलीन चेआम शापिरो यांनीं तर ऑथेल्लोची कथा २००० सालीं याच नृत्याच्या भाषेंत मांडली व पुढें नव्या रचना केल्या. जुन्या गुरूंपैकीं कांहींना असे बदल रुचत नाहींत. प्रथम जें आहे तें जसेंच्या तसें राखा, असें ते म्हणतात. ज्यांनीं सारें गमावून थोडें परत मिळविलें, त्यांचा हा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु आंग दुओंग व राणी कोस्सामाक यांचीं उदाहरणें पाहिलीं, तर नवी रचना हीहि या परंपरेची जुनीच रीत आहे, असें दुसऱ्या पक्षास म्हणतां येतें.

आजचें संकट तलवारीचें नाहीं, पोटाचें आहे. नर्तकीस तयार होण्यास आठ-दहा वर्षें लागतात, आणि नंतरचें वेतन संसार चालविण्यास पुरत नाहीं. नाम पेन्ह येथील राष्ट्रीय नाट्यगृह युद्धांतून वांचलें, पण दुरुस्तीचें काम चालूं असतां १९९४ मध्यें जळालें, व पुढें पाडून टाकण्यांत आलें. अंगकोर पाहावयास येणाऱ्या प्रवाशांपुढें उपाहारगृहांत जेवणाच्या वेळीं अप्सरा नृत्य होतें. त्यामुळें नर्तकींना कांहीं मिळकत होते, हें खरें. परंतु तेथें तेंच तें दहा मिनिटांचें नृत्य रोज करावयाचें असल्यानें, रात्रभराची कथा पेलण्याची तयारी उरत नाहीं. हें नृत्य केवळ प्रवाशांच्या करमणुकीची वस्तु होऊन बसेल, ही भीति युनेस्कोनेंहि नमूद केलेली आहे.

या हकीकतींत भारताचाहि एक लहानसा भाग आहे. ज्या ता प्रोम मंदिराच्या लेखांत ६१५ नर्तकींची नोंद आहे, त्याच मंदिराच्या जीर्णोद्धाराचें काम भारताच्या पुरातत्त्व खात्यानें २००४ पासून कंबोडियाच्या सहकार्यानें चालविलें. झाडांच्या प्रचंड मुळ्यांनीं उकललेल्या भिंती सांवरून, ढासळलेले दगड पुन्हां रचून, तेथील ‘नर्तकींचा मंडप’ उभा करण्यांत आला, व २०२२ च्या नोव्हेंबरांत त्याचें उद्घाटन झालें. दगडांचें हें काम कठीण होतें, तरी दगड जागेवर पडून होते. त्यांची मापें घेतां आलीं, त्यांस क्रमांक देतां आले. चेआ सामी व त्यांच्या सोबतिणींपुढें असा ढिगारा नव्हता. त्यांना जें रचावयाचें होतें, तें त्यांच्या स्वतःच्या हातापायांशिवाय दुसरीकडे कोठेंच नव्हतें, आणि प्रत्येक वर्षागणिक एकेक गुरु वार्धक्यानें कमी होत होती.

म्हणून या नृत्याच्या रक्षणाचा विचार करतांना इमारती, याद्या व चित्रफिती यांचें महत्त्व मान्य करूनहि, पहिला प्रश्न असा विचारावा लागतो: आज किती मुली शिकत आहेत, आणि शिकविणाऱ्या गुरूच्या घरीं चूल पेटते कीं नाहीं? चित्रफीत पाहून हालचालीचा क्रम कळतो. पण कोपर नेमकें किती वळवावें व श्वास कोठें थांबवावा, तें पाठीशीं उभ्या राहिलेल्या गुरूच्या हातांनींच कळतें. १९७९ नंतर वांचलेल्या मूठभर माणसांनीं हें ओळखलें, आणि उपाशीपोटीं शिकवावयास घेतलें. गुरुवारच्या वंदनेंत जीं नांवें आज कंबोडियाच्या शाळांत आदरानें आठवलीं जातात, त्यांत त्यांचीं नांवें आतां जाऊन बसलीं आहेत.